शेजारच्या आसनाखालचा सेन्सर

दोनच माणसांनीं बसावें, वाटल्यास छप्पर मागें सारावें आणि मोकळ्या रस्त्यानें वारा खात जावें, एवढ्याच हौसेसाठीं जी मोटार बनविली जाते तिला स्पोर्ट्‌स कार म्हणतात. आपल्या देशांत ही हौस थोड्यांची. परंतु युरोप-अमेरिकेंत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिला मोठा बहर आला. जपानच्या माझदा कंपनीची एम्.एक्स.-५ ही गाडी १९८९ सालीं बाजारांत आली, जर्मन बी.एम्.डब्ल्यू.ची झेड्-३ ही १९९५ सालीं, आणि पोर्शची बॉक्स्टर १९९६ सालीं. त्या काळच्या गाड्या आतां वृद्ध झाल्या आहेत. नव्या असतांना ज्यांच्याकडे नुसतें पाहूनच समाधान मानावें लागे, त्या आज तिकडच्या साध्या पगारदार माणसाच्याहि आवांक्यांत येतात, आणि नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या भाच्यानें वा पुतण्यानें तशी एक घेऊन दारांत उभी केली असल्यास त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

अशा जुन्या गाडीचें इंजिन पुष्कळदां ठणठणीत असतें. ब्रेक लागतात, दिवे लागतात, रंगहि टिकलेला असतो. फक्त चालकापुढच्या फलकावर एक लहानसा तांबडा दिवा सदोदित जळत राहतो. त्या दिव्यावर बसलेल्या माणसाची आकृति असते आणि तिच्या पुढ्यांत एक वाटोळा गोळा. गाडी विकणारा म्हणतो, “तो सेन्सरचा दिवा आहे, त्याकडे लक्ष देऊं नका, गाडीला कांहीं झालेलें नाहीं.” विकणारा खोटें बोलत नसतो. गाडीला खरोखरच कांहीं झालेलें नसतें. जें कांहीं व्हायचें तें शेजारीं बसणाऱ्याला व्हायचें असतें! आज ह्या एका दिव्यासंबंधीं, आणि तो ज्याच्यामुळें बहुधा पेटतो त्या शेजारच्या आसनाखालच्या सेन्सरसंबंधीं मी आपल्याशीं बोलणार आहें.

प्रथम ही एअरबॅग, म्हणजे वायूची पिशवी, काय करते तें पाहूं. ताशीं पन्नास किलोमीटरनें जाणारी गाडी भिंतीवर आदळली म्हणजे गाडी थांबते, पण आंतलें माणूस थांबत नाहीं. तें त्याच वेगानें पुढें जातच असतें. त्याची छाती चक्रावर किंवा त्याचें मस्तक फलकावर जाऊन आपटण्यास सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धां लागत नाहीं. एवढ्या अवधींत आघात झाला हें ओळखावयाचें, तो खड्ड्याचा धक्का नसून खरा अपघात आहे असा निर्णय करावयाचा, स्फोटक चूर्णाला ठिणगी द्यावयाची, त्यांतून निघालेल्या वायूनें पिशवी फुगवावयाची, आणि माणूस तीवर टेकतांच तिनें मागच्या छिद्रांतून वायु सोडून देत हळूहळू बसावयाचें, इतकें सगळें व्हावें लागतें. निर्णयाला सेकंदाचे पंधरा-वीस सहस्रांश आणि फुगण्याला सुमारें तीस. पापणी लवण्यास ह्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत जॉन हेट्रिक ह्यांना आणि जर्मनींत वॉल्टर लिंडरर ह्यांना १९५३ सालीं अशा पिशव्यांचीं पेटंटें मिळालीं. दोघांनींहि दाबून भरलेल्या हवेवर भिस्त ठेवली होती, आणि ती हवा पुरेशा त्वरेनें येत नाहीं हें पुढें दिसून आलें. खरी अडचण होती ती आघात वेळेवर ओळखण्याची. १९६८ सालीं ॲलन ब्रीड नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं ती सोडविली, आणि ज्या युक्तीनें सोडविली ती इतकी साधी आहे कीं ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एका नळींत एक पोलादी गोळी. नळीच्या एका टोकास लोहचुंबक, तो गोळीला धरून ठेवतो. गाडी नेहमीसारखी थांबली तर चुंबकाची पकड सुटत नाहीं; पण ती एकाएकीं थबकली कीं गोळी सुटून नळीच्या दुसऱ्या टोकाकडे धांवते, तेथील दोन तारांना जोडते आणि विजेचें मंडल पुरें होतें. आज ह्या गोळीची जागा नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीनें घेतली आहे. ती आघाताचा अंतःकरणांतल्या अंतःकरणांत, म्हणजे गाडीच्या मध्यभागीं बसविलेल्या नियंत्रक पेटींत, हिशोब करते.

जनरल मोटर्स कंपनीनें १९७३ च्या सुमारास अशा पिशव्या अमेरिकेंत कांहीं गाड्यांना बसवून पाहिल्या, पण गिऱ्हाइकांनीं फारसा उत्साह दाखविला नाहीं. पुढें मर्सिडिझनें १९८० च्या सुमारास जर्मनींत त्या पुन्हां आणल्या. आणि १९८७ सालीं अमेरिकेंत चालक व शेजारचा उतारू ह्या दोघांनाहि मूळ किंमतींतच एअरबॅग देणारी पहिली गाडी निघाली ती कोणती म्हणाल? एक स्पोर्ट्‌स कारच. पोर्श ९४४ टर्बो. ज्या जातीच्या गाडीला लोक बेफिकिरीचें वाहन समजतात तिनेंच ह्या कामीं पहिलें पाऊल टाकावें, हा योग मला तरी मोठा मौजेचा वाटतो.

आतां चालकाची पिशवी आणि शेजाऱ्याची पिशवी ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि आपला सगळा विषय त्या भेदांतूनच निघतो. चालक कोठें बसेल हें ठरलेलें असतें. त्याच्या हातांत चक्र असतें, पायांखालीं पेडल असतें. त्याचें वय परवान्यानें ठरविलेलें असतें. शेजारच्या आसनाचें तसें नाहीं. तेथें आज धिप्पाड मित्र बसतो, उद्यां ठेंगणी वृद्ध मावशी बसते, परवां सहा वर्षांचें पोर बसतें, आणि कित्येक दिवस तेथें बाजारची पिशवी किंवा कांहींच नसतें. शिवाय फलक त्याच्यापासून दूर असल्यामुळें ती पिशवी चालकाच्या पिशवीहून कितीतरी मोठी ठेवावी लागते. ती फुगते तेव्हां तिचा वेग ताशीं तीनशें किलोमीटरपर्यंत जातो. पट्टा बांधून नीट मागें बसलेल्या प्रौढ माणसाला ती झेलते. पण फलकाला टेकून उभ्या असलेल्या पोराला ती अक्षरशः ठोसा मारते. आणि मागें तोंड करून ठेवलेल्या तान्ह्या मुलाच्या खुर्चीची पाठ तर फलकाच्या अगदीं जवळ आलेली असते. तेथें पिशवी उघडली तर तिचा सर्व जोर त्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्याच्या मागें, बसतो.

ही भीति काल्पनिक नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें १९९० ते २००८ ह्या काळांत हलक्या वेगाच्या अपघातांत, म्हणजे जेथें एरव्हीं खरचटण्यावर निभावलें असतें अशा अपघातांत, पुढच्या एअरबॅगच्याच तडाख्यानें २९० हून अधिक माणसें दगावलीं. त्यांत उतारूच अधिक होते, आणि त्या उतारूंपैकीं शेंकडा नव्वदांहून जास्त मुलें होतीं. ह्या आंकड्यासमोर दुसरा आंकडाहि ठेवला पाहिजे, नाहीं तर न्याय होणार नाहीं. त्याच संस्थेच्या हिशोबानें १९८७ ते २०१७ ह्या अवधींत पुढच्या एअरबॅगांनीं अमेरिकेंत पन्नास हजारांवर प्राण वांचविले. तेव्हां पिशवी नको असें कोणीं शहाण्यानें म्हणूं नये. प्रश्न एवढाच कीं तिनें कोणापुढें उघडावें आणि कोणापुढें उघडूं नये, हें तिला कोणीं सांगावयाचें?

घरगुती गाडीपुरतें ह्याचें उत्तर सोपें आहे: मुलाला मागें बसवा. परंतु दोन आसनांच्या गाडींत मागें बसवावयाचें कोठें? मागें इंजिन असतें किंवा सामानाचा खण असतो. म्हणून १९९५ सालीं अमेरिकन सरकारनें ज्या गाड्यांना मागची बैठकच नाहीं त्यांना शेजारची पिशवी बंद करण्याची किल्ली बसविण्यास कारखानदारांना मुभा दिली. माझदाच्या एम्.एक्स.-५ ला पुढें अशी किल्ली मिळाली. गाडीचीच चावी त्या छिद्रांत घालून फिरवावयाची: मूल बसलें कीं बंद, प्रौढ बसला कीं सुरू. व्यवस्था ठीक होती. पण ती माणसाच्या स्मरणावर अवलंबून होती, आणि घाईनें निघालेल्या माणसाच्या स्मरणशक्तीविषयीं आपण सर्वच जाणतों. मग हें काम यंत्राकडे सोपवावें असें ठरलें. मे २००० मध्यें नवा नियम प्रसिद्ध झाला, आणि सप्टेंबर २००३ ते सप्टेंबर २००६ ह्या तीन वर्षांत तो टप्प्याटप्प्यानें सर्व नव्या मोटारींना लागू झाला. त्या नियमाच्या परीक्षेंत एक वर्षाच्या, तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलांचे पुतळे आसनावर ठेवतात. बहुतेक कारखानदारांनीं अशा वेळीं पिशवी आपोआप निकामी व्हावी असा मार्ग पत्करला. उलट सुमारें एकूणपन्नास किलो वजनाच्या लहानखुऱ्या स्त्रीचा पुतळा बसविला तर पिशवी जागी झालीच पाहिजे.

हा पाहरा करणारा सेन्सर आसनाच्या गादीखालीं असतो. त्याचे प्रकार अनेक आहेत. कांहीं गाड्यांत एक पातळ चटई असते: दोन प्लॅस्टिकच्या पडद्यांमध्यें वीजवाहक शाईच्या रेषा काढलेल्या, आणि दाब पडला कीं त्यांचा विरोध बदलतो. कांहींत द्रवानें भरलेली एक चपटी थैली असते. बसणाऱ्याच्या वजनानें तिच्यांतला दाब वाढतो आणि तो मोजला जातो. कांहींत आसनाच्या पायांनाच वजनमाप जोडलेलें असतें. मापानें आलेला आंकडा नियंत्रक पेटीकडे जातो आणि तेथें ठरतें: रिकामें, मूल कीं प्रौढ.

येथें एक गोष्ट मुद्दाम लक्षांत घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या ह्या नियमापूर्वींच कित्येक जर्मन गाड्यांच्या आसनाखालीं चटई आलेली होती. झेड्-३ मध्येंहि ती आहे. परंतु तिचा हेतु मूल ओळखणें हा नव्हताच. तिचा हेतु काटकसर! शेजारीं कोणी नसतांना अपघात झाला आणि मोठी पिशवी व्यर्थच उघडली, तर पिशवी गेली, फलक फाटला आणि बहुधा पुढची कांचहि तडकली, असा खर्चाचा डोंगर विमा कंपन्यांपुढें उभा राही. तो टाळण्यासाठीं ती चटई “कोणी आहे कीं नाहीं” एवढेंच पाही. एकाच जागेवर, एकसारख्याच दिसणाऱ्या दोन चटया. एक पैसा वांचविणारी, दुसरी मूल वांचविणारी. हा फरक ज्याला ठाऊक नाहीं तो दुरुस्तीच्या वेळीं हमखास चुकतो, आणि कां चुकतो तें पुढें येईलच.

चटई बिघडते कशामुळें? कारण गादी ही वांकण्यासाठींच असते आणि प्लॅस्टिकवरची शाई वांकण्यासाठीं नसते. हजारों वेळां माणूस बसलें, उठलें. प्रत्येक वेळीं पडदा थोडा दुमडला. वर्षानुवर्षांनीं त्यांतली एखादी केसासारखी रेषा तुटली. २००८ सालीं बी.एम्.डब्ल्यू. कंपनीनें ह्याच कारणासाठीं अमेरिकेंतील सुमारें दोन लक्ष गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या दोन आसनी नव्हेत, घरगुतीच होत्या; पण चटईला सूक्ष्म भेगा पडून शेजारची पिशवी निकामी राहूं शकते, हेंच कारण होतें. स्पोर्ट्‌स कारमध्यें तर ह्या चटईचे अधिकच हाल. गाडी जमिनीला टेकलेली, त्यामुळें तींत बसणें म्हणजे जवळजवळ पडणेंच. सगळा भार प्रथम एका कडेवर येतो. मागचें सामान काढावयाचें तर एक गुडघा गादीवर रोंवूनच वांकावें लागतें, आणि गुडघ्याचा भार एका वीतभर जागेंत एकवटतो. छप्पर उघडें असतांना अवचित सर आली कीं पाणी गादींतून खालीं झिरपतें. उन्हानें कातडें आंखडतें. ह्या सगळ्यांचा जमाखर्च त्या पातळ पडद्यावर लिहिला जातो.

मात्र प्रत्येक वेळीं अपराधी चटईच असते असें नाहीं, आणि येथेंच घाई करणाऱ्याचे पैसे वायां जातात. आसनाखालीं पिवळ्या रंगाचे तारांचे जोड असतात. पिवळा रंग हा एअरबॅगच्या तारांचा म्हणून बहुतेक सर्वत्र मानला जातो. पिशवीच्या ठिणगीचें मंडल जेमतेम दोन-तीन ओहमांचें असतें, आणि नियंत्रक पेटी त्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवते. आसन पुढें-मागें सरकवितांना जोड थोडा ढिला झाला किंवा त्याच्या पितळेवर गंज धरला, आणि विरोध एखाद्या ओहमानें वाढला, तरी दिवा पेटतो. जुन्या बॉक्स्टरमध्यें पुष्कळदां पट्ट्याच्या कुलपांतला लहानसा स्विच दोषी निघतो. पट्टा बांधला कीं नाहीं हें तो सांगतो आणि त्याचे संपर्कबिंदु मळले कीं त्याची साक्ष संशयास्पद होते. कधीं कधीं बॅटरीच निःसत्त्व झालेली असते. हिवाळाभर गाडी झांकून ठेवली, वसंतांत चालू केली, विजेचा दाब कमी पडला आणि पेटीनें दोष नोंदवून ठेवला. एकदां नोंदलेला दोष कित्येक गाड्यांत यंत्रानें पुसल्याशिवाय जात नाहीं. म्हणून दिवा दिसतांच नवी चटई मागविणें म्हणजे खोकला झाला कीं फुप्फुस बदलण्यासारखें आहे.

दोष झाला म्हणजे गाडी काय करते? श्रोतेहो, सगळ्या प्रकरणाचा गाभा हा आहे. यंत्राला नीट दिसेनासें झालें कीं त्यानें कोणती बाजू धरावी? मूल ओळखणाऱ्या सेन्सरचा रचनाकार म्हणतो, शंका असेल तेथें पिशवी बंद ठेवा. मुलाचा बळी नको. काटकसरीच्या चटईचा रचनाकार म्हणतो, शंका असेल तेथें कोणीतरी बसलें आहे असें धरा. पैसा गेला तरी चालेल. दोघेहि आपापल्या जागीं शहाणे आहेत, आणि दोघांचे निष्कर्ष अगदीं परस्परविरुद्ध! एका गाडींत तोच बिघाड झाला तर शेजारीं बसलेल्या पत्नीपुढें पिशवी उघडणार नाहीं. दुसरींत झाला तर शेजारीं बसविलेल्या मुलापुढें ती उघडेल. तांबडा दिवा दोन्हीं गाड्यांत सारखाच जळत असतो. त्या दिव्याकडे नुसतें पाहून कोणता अनर्थ आपल्या वांट्याला आला आहे हें कळत नाहीं. गाडीची पुस्तिका आणि पेटींतली दोषांची नोंद हीं दोन्ही वाचावींच लागतात.

अमेरिकन नियमाच्या गाड्यांत आणखी एक पिवळसर दिवा असतो, शेजारची एअरबॅग बंद आहे असें अक्षरांनीं सांगणारा. मूल बसलें असतां तो लागला तर सर्व ठीक. परंतु पूर्ण वाढीचें माणूस बसलें असूनहि तो लागला, तर प्रथम बसण्याची तऱ्हा पाहावी. स्पोर्ट्‌स कारचें आसन इतकें कललेलें असतें कीं भाराचा मोठा वांटा पाठीवर जातो. त्यांत कोणी कडेवर सरकून बसलें, पाय फलकावर ठेवले, किंवा हाताच्या टेकूवर भार दिला, कीं एकूणपन्नास किलोची बाई सेन्सरला तीस किलोची वाटूं लागते. सरळ बसून, पाठ टेकून, पाय खालीं ठेवून दिवा विझला तर सेन्सर निरोगी आहे. नाहीं विझला, तर मात्र त्या आसनावर पट्ट्याखेरीज कोणाचा आधार नाहीं हें समजून चालावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा विषय मीं निवडला ती सांगतों. खरी चटई बदलावयाची तर आसन बाहेर काढून त्याचें कातडें उतरावें लागतें. कित्येक गाड्यांत गादी, चटई आणि तिचें माप घेणारी पेटी हीं एकत्रच जुळवून मिळतात आणि बसविल्यावर रिकाम्या आसनाचें शून्य त्यांना पुन्हां शिकवावें लागतें. हा खर्च जुन्या गाडीच्या किंमतीच्या मानानें डोळ्यांत भरतो. म्हणून बाजारांत एक स्वस्त तोडगा मिळूं लागला. काडेपेटीहून लहान अशी एक डबी. तारांचा जोड सोडवून चटईच्या जागीं ती लावावयाची. ती नियंत्रक पेटीला अखंड एकच वाक्य ऐकवीत राहते: “आसनावर प्रौढ माणूस बसलें आहे.” पेटीचें समाधान होतें, तांबडा दिवा मालवतो, आणि मालक म्हणतो, दुरुस्ती झाली.

झालें काय तें पाहा. काटकसरीच्या चटईच्या जागीं ही डबी लावली, तर नुकसान झालेंच तर पैशांचें. रिकाम्या आसनापुढें पिशवी फुटेल इतकेंच. ह्या पक्षाचे लोक डबीचें समर्थन करतात आणि त्यांच्या गाडीपुरतें तें अगदींच खोटें नाहीं. परंतु तीच युक्ति मूल ओळखणाऱ्या गाडींत केली कीं पाहारेकऱ्याचे डोळे बांधून त्याच्या तोंडीं खोटी साक्ष घातल्यासारखें होतें. दुसरा प्रकार ह्याहूनहि वाईट. पिशवीच्या ठिणगीच्या मंडलांतच दोन-तीन ओहमांचा एक रेझिस्टर घालून दिवा विझविणारे महाभाग आहेत; तेथें पिशवी असो वा नसो, पेटीला ती आहे असेंच वाटतें. ह्या गाडींत बसणाऱ्या माणसाजवळ पिशवी तर नाहींच, पण नाहीं हें सांगणारा दिवाहि नाहीं.

“मी एकटाच गाडी चालवितों, शेजारीं कोणी बसत नाहीं,” असें ह्यावर उत्तर येतें. मला तें मान्य करवत नाहीं. जुनी गाडी एका घरीं राहत नाहीं. आजचा एकटा मालक ती दोन वर्षांनीं विकतो. तिसऱ्या हातीं ती जाते तेव्हां गादीखालच्या डबीची वार्ता कोणालाच नसते. नवा मालक आपल्या सात वर्षांच्या मुलीला रविवारीं चक्कर मारून आणावयास निघतो. फलक स्वच्छ आहे, एकहि दिवा जळत नाहीं. ह्या निश्चिंतपणापेक्षां तो तांबडा दिवा शतपटीनें बरा होता.

जुनी गाडी घेतांना ह्याची परीक्षा कशी करावी? चावी फिरवावी, इंजिन सुरू करूं नये, आणि फलकाकडे पाहावें. एअरबॅगचा तांबडा दिवा त्या क्षणीं लागलाच पाहिजे आणि कांहीं सेकंदांनीं मालवला पाहिजे. मालवला नाहीं तर दोष आहे, हें सर्वांस ठाऊक असतें. पण तो मुळींच लागला नाहीं, तर कोणीतरी तो काढलेला किंवा झांकलेला असण्याचा संभव आहे. आणि मला विचाराल तर जळता दिवा असलेली गाडी मी एक वेळ घेईन, पण न लागणाऱ्या दिव्याची घेणार नाहीं. त्यानंतर आसनाखालीं हात न घालतां नुसती विजेरी घेऊन पाहावें. पिवळ्या जोडांशीं कोणी चिकटपट्टी गुंडाळली आहे काय, मूळच्या तारेला परकी तार सांधली आहे काय, हें सहज दिसतें.

हात घालूं नये असें म्हटलें तें उगीच नव्हे. विजेचा विरोध मोजण्याचें साधें मीटर आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असतें, आणि जिज्ञासु तरुणाचा हात त्याकडे वळतोच. तें मीटर स्वतःच थोडी वीज सोडून विरोध मोजतें, आणि ठिणगीला वीज थोडीच पुरते. पिशवीच्या मंडलाला तें कदापि लावूं नये. ज्याला हें काम येतें तो प्रथम बॅटरीची तार सोडतो आणि पुस्तिकेंत सांगितलेला वेळ थांबतो. कारण अपघातांत बॅटरीच तुटली तरी पिशवी उडावी म्हणून पेटीच्या पोटांत थोडी वीज सांठविलेली असते. दोष वाचण्याचें यंत्रहि पारखून घ्यावें लागतें. इंजिनचे दोष वाचणारीं स्वस्त यंत्रें पुष्कळ आहेत, पण एअरबॅगच्या पेटीशीं तीं बहुधा बोलत नाहींत. मोडीच्या गाडींतून काढलेली चटई घेण्यांत फारसा अर्थ नाहीं. ती आपल्या चटईच्याच वयाची असते.

तिकडे राहणाऱ्या मंडळींसाठीं आणखी एक. जुन्या गाडीचा सेन्सर नीट झाला तरी पिशवीचा स्फोटक भाग नीट आहे असें त्यावरून ठरत नाहीं. जपानच्या ताकाता कंपनीच्या पिशव्यांत अमोनियम नायट्रेट वापरलें होतें. ओलावा आणि उष्णता ह्यांनीं तें वर्षानुवर्षांनीं बिघडतें आणि पेटतांना धातूचें कवच फोडून त्याच्या चिरफळ्या माणसांवर उडवितें. त्यापायीं जगभर कोट्यवधि गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ सालीं कंपनीनें दिवाळें काढलें. अमेरिकेंत गाडीचा सतरा अक्षरांचा क्रमांक सरकारी यादींत घालून पाहिला कीं तिच्यावर अशी कांहीं हांक बाकी आहे काय हें विनामूल्य कळतें. ज्या गाडीची ती हांक बाकी आहे तिच्या चटईची चिंता नंतर करावी.

आणि आपल्या इकडे? आपल्याकडे झेड्-३ किंवा बॉक्स्टर क्वचित् दिसते, पण शेजारची पिशवी आतां घरोघर आली आहे. भारतांत चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या उतारूची, नव्यानें निघणाऱ्या गाड्यांना एप्रिल २०२१ पासून आणि आधींपासून बनत असलेल्यांना त्या वर्षाच्या अखेरीपासून, सक्तीची झाली. आपल्याकडील पुष्कळशा गाड्यांत मात्र मूल ओळखणारा सेन्सर नसतो. आसनावर भार पडला आणि पट्टा बांधला नाहीं तर किणकिण करणारी एक लहान चटई असते, तीच सेन्सर असा कित्येकांचा समज आहे. ती पिशवी बंद करीत नाहीं. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर आईच्या मांडीवर पुढच्याच आसनांत बसलेलें मूल अजून रोज दिसतें. आईच्या हातांत तें सुरक्षित आहे अशी घरांतल्या सर्वांची समजूत असते, आणि त्याच्या डोक्यापासून दीड हातावर ती पिशवी घडी घालून बसलेली असते.

कांहीं गाड्यांत फलकाच्या डाव्या अंगाला, दार उघडल्यावर दिसेल अशी, ती बंद करण्याची किल्ली दिलेली असते. लहान मुलाची खुर्ची पुढेंच ठेवण्यावांचून गत्यंतर नसेल तर ती किल्ली फिरवावी आणि बंद असल्याचा दिवा लागला हें डोळ्यांनीं पाहावें. मग मूल उतरून आजी पुढें येऊन बसल्या कीं तीच किल्ली पुन्हां उलट फिरवावी लागते. आपण होऊन ती फिरत नाहीं.